स्क्रीन फुटलेल्या ई-रीडरमधून नोंदी आणि पुस्तकं कशी काढायची

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फुटक्या स्क्रीनचं किंडल, म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, घेऊन आलेला माणूस सहसा एकाच वाक्याने सुरुवात करतो, "घरी थोडं करून बघितलं, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मला आता पाठ झालंय. रीसेट मारलेला असतो, विंडोजने विचारलं म्हणून फॉरमॅट केलेलं असतं, नाहीतर ॲमेझॉनच्या खात्यातून यंत्रच काढून टाकलेलं असतं. पडल्यामुळे जाते ती स्क्रीन. डेटा जातो तो नंतरच्या तासाभरात, आपल्याच हाताने.

ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक स्क्रीनच्या आत पातळ काच असते. पिशवीत दाब आला की वरून ओरखडासुद्धा नसताना ती आतल्या आत तडकते. पुस्तकं आणि नोंदी मागच्या बोर्डवरच्या चिपमध्ये असतात, आणि त्या चिपला स्क्रीनचं काही सोयरसुतक नसतं. अर्धं पान गोठलेलं, त्यावर उभ्या-आडव्या रेघा, असं दिसलं म्हणून यंत्र हँग झालंय असं समजू नका. ई-इंकला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून फुटलेला भाग शेवटचं चित्र तसंच धरून बसतो. मागे सगळं नीट चालू असू शकतं.

खालचा क्रम प्रामुख्याने किंडलचा आहे. कोबो (दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर) आणि अँड्रॉइडवरच्या ई-रीडरचं जे वेगळं आहे ते नंतर दिलंय.

१. आधी ठरवा: तुमचं नेमकं काय अडकलंय?

हे कुणी करत नाही, आणि मग जे खात्यात सुरक्षित आहे त्याच्यासाठी दोन दिवस झटापट चालते.

विकत घेतलेली पुस्तकं तुमच्या खात्यात आहेत. नव्या किंडलवर किंवा फोनच्या ॲपवर ती परत उतरतात. त्यांच्या फाइल यंत्रातून कॉपी केल्या तरी त्या कुलूपबंद असतात आणि दुसऱ्या यंत्रावर उघडत नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे लागू नका. या पुस्तकांतल्या अधोरेखित ओळीही सिंक चालू असेल तर खात्यात गेलेल्या असतात. फोनवर किंडल ॲपमध्ये तेच पुस्तक उघडून बघा, पाच मिनिटांत कळेल.

ईमेलने किंवा 'सेंड टू किंडल'ने पाठवलेली कागदपत्रंही बहुधा खात्याच्या लायब्ररीत सापडतात.

खरा जीव अडकलेला असतो तो केबलने टाकलेल्या फाइलींत. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली पीडीएफ, स्वतः बनवलेली ईपब (ई-पुस्तकाची फाइल), जुनी दिवाळी अंकांची स्कॅन. या फाइली आणि त्यांच्यावरच्या तुमच्या खुणा फक्त त्या यंत्रात असतात, दुसरीकडे कुठेही नाहीत. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

> सावध: खात्याच्या पानावर जाऊन यंत्र 'डीरजिस्टर' करू नका. चोरीला गेलेल्या फोनसारखी काळजी इथे नको. यंत्र तुमच्याच टेबलावर आहे. नोंदणी काढली आणि यंत्राला वायफाय मिळालं की आतली खरेदीची पुस्तकं त्यांच्या खुणांसकट जाऊ शकतात. ते काम सगळ्यात शेवटचं.

२. तयारी

स्क्रीनवर रुंद सेलोटेप लावा. काच बाहेर आलेली नसली तरी लावा. त्यानंतर यंत्र उलटं करून पाठ बघा. पाठ फुगलेली असेल, कव्हर एका कडेने उचललं असेल, तर बॅटरीवर मार बसलाय. असं यंत्र चार्जिंगला लावायचं नाही आणि दाबून कव्हर बसवायचंही नाही. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

पाठ सपाट असेल तर हे जमवा:

- डेटा जाणारी केबल. पॉवर बँकेबरोबर आलेल्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात. आधी त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडून त्यातले फोटो दिसतात का बघा. फोटो दिसले तर केबल चालेल. जुन्या किंडलना मायक्रो यूएसबी लागते, २०२१ च्या पेपरव्हाइट मॉडेलपासून टाइप-सी.
- बॅटरी भरलेला लॅपटॉप. डेस्कटॉपच असेल तर यूपीएसवर घ्या. कॉपी अर्ध्यावर असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट उतरते, आणि ते लगेच लक्षात येत नाही.
- लॅपटॉपवर एक नवा रिकामा फोल्डर, आणि दुसऱ्या प्रतीसाठी पेनड्राइव्ह.
- किंडलला पिन घातला असेल तर तो पिन, कागदावर लिहून.

लॅपटॉपवर कॅलिबर असेल तर ते बंद ठेवा. ई-पुस्तकं सांभाळायचं उत्तम सॉफ्टवेअर आहे, मी रोज वापरतो, पण यंत्र दिसताच ते त्यावर स्वतःच्या एक-दोन फाइली लिहितं. जखमी यंत्रावर आत्ता काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

३. यंत्र जिवंत आहे का?

पॉवर बटण दाबण्याआधी थांबा. यंत्र आत्ता जागं असेल आणि त्याला पिन असेल, तर एकदा बटण दाबलं की ते झोपेल आणि कुलूप लागेल. चुंबकाचं कव्हर मिटलं तरी तेच होतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे कव्हर उघडं ठेवून केबल लॅपटॉपला जोडणं. हब नको, लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला.

दिवा लागला, विंडोजचा 'टुंग' आवाज आला, तर निम्मं काम झालं. काहीच झालं नाही तर बॅटरी तळाला गेलेली असण्याची शक्यता मोठी. फुटल्यावर चार महिने कपाटात पडलेलं यंत्र लगेच उठत नाही. दोन-तीन तास चार्जिंगला ठेवा, मग परत जोडा.

तरीही मुकं असेल तेव्हाच पॉवर बटण सलग ४० सेकंद दाबा. एकदाच. याने यंत्र रीस्टार्ट होतं, डेटा पुसला जात नाही. पण दहा-दहा वेळा दाबत बसू नका.

> तपासणी: जोडल्यावर कॉम्प्युटरमध्ये 'किंडल' नावाची ड्राइव्ह किंवा यंत्राचं चित्र दिसतंय का? दिसत असेल तर पाचव्या टप्प्यावर जा. आवाज येतोय पण दिसत काहीच नाही, आणि पिन घातलेला होता, तर चौथा टप्पा.

४. न दिसणाऱ्या स्क्रीनवर पिन घालणं

इथे लोक हात टेकतात. पिन उघडल्याशिवाय किंडल आतलं काही कॉम्प्युटरला दाखवत नाही. पण लक्षात घ्या, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारा थर वेगळे असतात. चित्र गेलं तरी स्पर्श बऱ्याचदा शाबूत असतो. अडचण एवढीच की आकडे कुठे आहेत ते दिसत नाही.

वाईचे एक निवृत्त सर असंच किंडल घेऊन आले होते. एसटीत शेजारच्याने पिशवीवर बूड टेकलं. पिन माहीत होता, स्क्रीनवर मात्र खाली काळा पट्टा आणि वर कुठल्याशा जुन्या पानाची चार वाक्यं. आम्ही केलं ते असं:

1. अगदी त्याच मॉडेलचं चांगलं किंडल मिळवलं. सरांच्या भाचीकडे होतं. जवळचं चालत नाही, तेच मॉडेल लागतं, कारण आकड्यांची जागा बदलते.
2. भाचीच्या किंडलला तात्पुरता पिन घातला, झोपवलं, जागं केलं. आकड्यांचा कीपॅड समोर आला.
3. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवला, तोच झेरॉक्सवाले स्पायरल बाइंडिंगला वर लावतात तो. यंत्राच्या चारही कडा मार्करने आखल्या, मग प्रत्येक आकड्यावर आणि ओके बटणावर गोल काढला.
4. कागद बाजूला घेऊन सगळ्या गोलांना पंचने भोकं पाडली. मधली काही भोकं पंच पोचेना म्हणून कटरने कोरली.
5. सरांचं किंडल लॅपटॉपला जोडलं, पॉवर बटण एकदा दाबलं, कागद कडांना जुळवून ठेवला आणि भोकांतून सावकाश पिन दाबून ओके केलं.

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. माझं बोट जाड, भोकाच्या कडेला टेकत होतं. तिसऱ्या वेळी भाची म्हणाली, "मामा, तुम्हीच दाबा, पिन तुमचाय." सरांनी दाबला आणि लॅपटॉपवर खिडकी उघडली. ओके दाबल्यावर दोन-चार सेकंद थांबा, लगेच परत दाबायला जाऊ नका. सेलोटेप लावली असेल तर एकच थर ठेवा, जाड थरातून स्पर्श पोचत नाही.

> सावध: १११२२२७७७ हा आकडा कुणीतरी तुम्हाला 'मास्टर पिन' म्हणून सांगेल. तो कुलूप उघडत नाही. जुन्या किंडलवर तो पिनच्या जागी टाकला की सगळं पुसून यंत्र कोरं होतं.

स्पर्शही गेला असेल तर शेवटून दुसरा टप्पा बघा.

५. कॉपी, याच क्रमाने

ड्राइव्ह दिसली की पहिल्यांदा काही खिडक्या तुमच्या तोंडावर येतील. 'स्कॅन अँड फिक्स' म्हणेल: बंद करा. 'डिस्क फॉरमॅट करायला हवी' म्हणेल: कॅन्सल. सर त्या क्षणी "हो म्हणू का?" म्हणून माउसकडे वळले तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

आधी छोटं आणि मोलाचं, मग मोठं. यंत्र केव्हाही मान टाकू शकतं, तेव्हा पहिल्या मिनिटात जे हाताला लागेल ते सगळ्यात किमती असलं पाहिजे.

पहिली: माय क्लिपिंग्ज. 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये या नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. तुम्ही किंडलवर अधोरेखित केलेली ओळ, लिहिलेली टीप, ठेवलेली खूण, सगळं तारीखवार यात साठत जातं. सात वर्षांच्या नोंदी असल्या तरी फाइल एखाद्या फोटोपेक्षा लहान भरते. ती आधी लॅपटॉपवर घ्या, लगेच स्वतःलाच मेल करा, मग पुढे चला.

दुसरं: केबलने टाकलेली पुस्तकं आणि पीडीएफ. ती त्याच फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक पुस्तकाशेजारी त्याच नावाचा, शेवटी 'एसडीआर' असलेला एक फोल्डर दिसेल. तो कचरा नाही. तुम्ही कुठल्या पानावर होतात आणि कुठे खुणा केल्यात ते त्यात असतं. पुस्तकाबरोबर तोही घ्या.

तिसरं: अख्खा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर, आणि जमलं तर लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करून उरलेलंही सगळं.

कट-पेस्ट कधीही नाही, कॉपी-पेस्टच. कट करताना मध्येच केबल हलली की फाइल धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

२०२४ च्या मॉडेलांपासून किंडल पेनड्राइव्हसारखं न दिसता फोनसारखं, म्हणजे एमटीपी पद्धतीने जोडलं जातं. त्याला सी, डी, ई असं अक्षर मिळत नाही. विंडोजवर तरीही कॉपी होते, फक्त एकदम हजार फाइली न ओढता पंचवीस-तीसचे गठ्ठे करा. मॅकवर मात्र ते आपोआप दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. घरात विंडोज असेल तर तेच वापरा, उगाच डोकेदुखी नको.

कॉपी झाल्यावर लगेच केबल उपटू नका. तपासणी होईपर्यंत यंत्र जोडलेलं राहू द्या. एकदा झोपलं तर परत पिनची कसरत.

६. तपासणी

फोल्डरवर राइट क्लिक करून दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि आकार जुळवा. मग पाच-सहा फाइली खरंच उघडून बघा. एक मोठी पीडीएफ उघडून थेट शेवटच्या पानावर जा, कारण अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला बरी दिसते.

क्लिपिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. थेट एक्सेलमध्ये उघडलीत तर मराठीचा चिवडा दिसू शकतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत असते, ती तशीच ठेवा. आत प्रत्येक नोंदीनंतर बरोबरच्या चिन्हांची एक ओळ असते, ती खोडू नका. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने नोंदी वेगळ्या करायच्या तर तीच खूण उपयोगी पडते.

इथे तीन गोष्टी बघून लोक डेटा बिघडला असं समजतात:

एकच ओळ दोन-तीनदा दिसते. अधोरेखित लांबवलंत किंवा आखडलंत की किंडल जुनी नोंद पुसत नाही, खाली नवी जोडतं. म्हणून त्यात तुम्ही नंतर काढून टाकलेल्या खुणाही सापडतात.

ओळीऐवजी मर्यादा संपल्याचा इंग्रजी संदेश दिसतो. प्रकाशकाने पुस्तकातला किती मजकूर बाहेर काढता येईल याची मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की फाइलीत मजकूर येत नाही, फक्त जागेचा आकडा येतो.

आणि आपल्याकडची खास भानगड: मराठी पीडीएफमधली ओळ रोमन अक्षरांची भेळ होऊन येते. ती पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये बनवलेली असते. डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण आत वेगळीच अक्षरं. नोंद गेलेली नाही. शेजारी पान क्रमांक असतो, मूळ पीडीएफ उघडून त्या पानावर जा. सरांच्या जवळजवळ सगळ्या खुणा अशाच होत्या. ती पीडीएफ आम्ही आधीच काढली होती म्हणून बरं.

> तपासणी: एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर. दोन जागी झाल्याशिवाय यंत्राला पुढचं काही करू नका.

आता 'इजेक्ट' करा, केबल काढा आणि यंत्र घरच्या वायफायच्या टप्प्यात चार्जिंगला ठेवून द्या. सिंक व्हायच्या राहिलेल्या खुणा असतील तर त्या खात्यात चढू शकतात. दुसऱ्या दिवशी फोनच्या ॲपमध्ये बघा.

७. कोबो असेल तर

दोन फरक आहेत. केबल जोडल्यावर कोबो स्क्रीनवर 'कनेक्ट करू का' विचारतं, आणि ते बटण दाबल्याशिवाय ड्राइव्ह दिसत नाही. भोकाच्या कागदाची युक्ती इथेही चालते, आणि भोक एकच लागतं.

दुसरं म्हणजे नोंदी टेक्स्ट फाइलमध्ये नसतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेला 'कोबो' हा लपलेला फोल्डर शोधा. त्यातल्या 'कोबोरीडर' नावाच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये (तक्त्यांच्या स्वरूपातली फाइल) सगळ्या खुणा असतात. पुस्तकांच्या फाइली घेऊन हा फोल्डर सोडला तर खुणा गेल्याच. अख्खा फोल्डर उचला. डेटाबेस नंतर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' या मोफत सॉफ्टवेअरने उघडता येतो, त्यात 'बुकमार्क' नावाचा तक्ता बघा.

अँड्रॉइडवर चालणारे 'बूक्स' ब्रँडसारखे ई-रीडर फोनसारखेच वागवा. आधीपासून यूएसबी डीबगिंग (केबलने यंत्र कॉम्प्युटरवरून चालवू देणारी सेटिंग) चालू असेल तर 'एससीआरसीपीवाय' (scrcpy) या मोफत प्रोग्रॅमने त्याची स्क्रीन लॅपटॉपवर दिसते आणि माउसने सगळं करता येतं. चालू नसेल तर हा रस्ता बंद.

८. ड्राइव्ह दिसलीच नाही तर

या क्रमाने जा: दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा लॅपटॉप. मग विंडोजचं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. कधीकधी यंत्र जोडलेलं असतं, पण त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं. तिथे राइट क्लिक करून अक्षर द्या. त्याच मेन्यूत 'फॉरमॅट'ही असतं, तेव्हा क्लिक करण्याआधी ओळ दोनदा वाचा.

घरात कुणी आधीच फॉरमॅट किंवा डिलीट केलं असेल आणि यंत्र जुनं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं असेल, तर अजून आशा आहे. त्यावर नवीन काही टाकू नका. आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, काढा आणि पुसलेल्या फाइली शोधणारं 'फोटोरेक' किंवा 'टेस्टडिस्क' त्या इमेजवर चालवा, यंत्रावर नको. एमटीपीवाल्या नव्या यंत्रांवर हा मार्ग नाही.

स्पर्शही मेलेला आणि पिनही असेल तर यंत्र उघडावं लागतं. त्याच मॉडेलचं बॅटरी गेलेलं जुनं यंत्र मिळालं तर त्याची स्क्रीन तुमच्या बोर्डला तात्पुरती जोडता येते. प्रत्येक ई-इंक पॅनेलला लागणारा व्होल्टेज थोडा वेगळा असतो, त्यामुळे चित्र फिकं दिसू शकतं, पण पिन घालण्यापुरतं पुरतं. किंडलमधली चिप बोर्डवर पक्की सोल्डर केलेली असते, ती ओढून काढायचा प्रयोग घरी करू नका.

कोबोच्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ ग्लो आणि क्लारा एचडी, आत साधं मायक्रोएसडी कार्डच असतं. पाठीमागचं कव्हर प्लास्टिकच्या कार्डाने हलकेच उचकटा, कार्ड काढून रीडरमध्ये घाला. त्यावर लिनक्सचे भागही असतात, म्हणून विंडोज लागोपाठ दोन-तीनदा 'फॉरमॅट करा' म्हणेल. प्रत्येक वेळी कॅन्सल. पुस्तकांचा भाग वेगळा दिसतो, त्यातून कॉपी करा.

दुरुस्तीला द्यायचं असेल तर पावतीवर 'डेटा हवा आहे, रीसेट करू नये' असं लिहून घ्या. एका दुकानात नुसतं तोंडी सांगून दिलेलं यंत्र नव्या स्क्रीनसकट चकाचक परत आलं होतं, आणि आतूनही चकाचक. तपासणीसाठी रीसेट करणं ही त्यांची रोजची सवय, त्यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. स्क्रीन बदलण्याचा खर्च आधी विचारा. बऱ्याचदा त्यात थोडी भर टाकली की दुसरं यंत्र येतं.

९. यंत्र निकालात काढणं

डेटा दोन जागी आहे, नव्या यंत्रावर किंवा फोनवर पुस्तकं उघडलीत, तेव्हाच हा टप्पा. आधी केबलने 'डॉक्युमेंट्स'मधल्या स्वतःच्या फाइली पुसा. पगाराच्या स्लिपा आणि आधारच्या पीडीएफही लोकांनी किंडलवर टाकलेल्या मी पाहिल्यात. त्यानंतर खात्याच्या पानावर जाऊन यंत्र डीरजिस्टर करा. यंत्र घंटागाडीत टाकू नका, आत लिथियमची बॅटरी आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, किंवा आमच्यासारख्या दुकानात सोडा. सरांचं किंडल अजून माझ्या खणात आहे, त्याचा चार्जिंग पोर्ट मागच्याच महिन्यात कुणाच्या तरी यंत्राला लागला. भोकं पाडलेला प्लास्टिकचा कागद मात्र सर आठवणीने घेऊन गेले.